डावा डोळा

बेलेनच्या रेल्वे यार्डामागे आर्सेनिओचं गॅरेज, पत्र्याचं.
जूनमध्ये कॉटनवुडचा कापूस आत येऊन ग्रीसला चिकटतो.
भावाची कॉर्व्हेट मी तिथे ओढून नेली,
एकाहत्तर सालची, वांग्याच्या सालीच्या रंगाची.
भाऊ फिनिक्सला, चाकाच्या खुर्चीत.
फोनवर एवढंच म्हणाला, "विकायचं नंतर बघू.
आधी तिचे डोळे उघडू देत."

डोळे म्हणजे पुढचे दिवे. बटण ओढलं
की उजवा टुणकन उठायचा,
डावा अर्ध्यात पेंगायचा, पुन्हा खाली.
सिग्नलला लोकांना वाटे, बाई डोळा मारतेय.
अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
इतक्या माणसांनी हसून कधी पाहिलं नव्हतं.

आर्सेनिओ म्हणाला, दिवे उचलायला मोटर नाही यात.
इंजिन श्वास घेतं ना, त्याची नुसती ओढ.
नळ्यानळ्यांतून ती पुढे जाते, पापण्या उचलते.
काहीच नसण्याच्या जोरावर चालतं सगळं.
मी म्हटलं, माझ्या पेन्शनसारखं.

मग नळीचं एक टोक कानात, दुसरं बॉनेटखाली फिरवत
तो तासभर ओणवा.
इतकी वर्षं ज्याकडे कानाडोळा झाला
ते आता कानानेच शोधायचं.
सिस्स. इथे. नाही, तिथे.
शेवटी त्यानं खणातून सिगार काढला.
बायकोला शब्द दिलेला, म्हणून तो माझ्या तोंडात.
मी जन्मात पहिल्यांदा धूर गालात धरला,
नळीत फुंकला, खोकले, परत फुंकला,
आणि डाव्या दिव्यामागून
एक बारीक निळसर रेघ
कुणी बोलवावं तशी वर आली.
हिरव्या पट्ट्याची नळी. टोकाला टाचेसारख्या भेगा.
दोन इंच कापली. संपलं, इतकंच.

तापण्याचं मात्र इतक्यात संपणारं नव्हतं.
आबोच्या खिंडीत काटा लाल रेघेला टेकायचा.
भावानं दोन रेडिएटर बदलले होते,
तिसऱ्याचे पैसे बाजूला काढलेले.
आर्सेनिओनं थर्मोस्टॅट बायकोच्या पातेल्यात उकळून पाहिला
(त्याबद्दल जे ऐकलं ते लिहीत नाही).
ठीक होता. मग जाळीसमोर कागदाचा कपटा धरला.
कपटा जाळीला चिकटेना, कडेच्या फटीकडे पळाला.
"वारा कामचुकार," तो म्हणाला,
"चोरवाट दिसली की तापलेल्या दारातून कशाला जाईल?"
शाळेच्या जिमची फाटकी गादी मी आणून दिली,
तिच्या पट्ट्या कापून त्यानं फटी बुजवल्या.
ज्या गादीवर पोरं कोलांट्या मारायची, त्या गादीच्या.

नवं हिरवं पाणी भरताना झाकण उघडं, इंजिन चालू,
आत हीटर पूर्ण सोडलेला, बाहेर अडतीस अंश,
आम्ही दोघं बुडबुडे मोजत बसलो.
डबक्. थांब. डबक्.
हवेचा एक गोळा आत राहिला तरी इंजिनाचं डोकं भाजतं.
म्हणजे त्या नळ्यांत पोकळी जपायची
आणि या नळ्यांत तिला राहू द्यायचं नाही.
मी विचारलं, कुठली कुठली, हे ओळखायचं कसं?
त्यानं झाकण घट्ट केलं,
सांडलेलं हिरवं भुशानं तीनदा पुसलं,
म्हणाला, "गोड असतं हे. कुत्र्याला कळत नाही."

संध्याकाळी खिंड चढले. काटा मधोमध, हलेना.
अंधारलं, बटण ओढलं.
उजवा उठला. मग, एका श्वासानं, डावा.
रस्त्यावर एक ससा दोन्ही उजेडांत थबकला.

पण खरी परीक्षा रात्रीची, आर्सेनिओनं बजावलेलं.
इंजिन झोपल्यावरही साठलेली ओढ टिकली पाहिजे,
सकाळपर्यंत पापण्या मिटलेल्या हव्यात.
सहाला मी शटर वर केलं.
उजवा मिटलेला.
डावा करंगळीएवढा उघडा.

फोन वाजला. भाऊ लवकर उठतो हल्ली.
"मिटलेत?"
"गाढ झोपलेत," मी म्हटलं,
करंगळी तशीच फटीत.